खापरपणजोबांची सनद

हसणार नसाल तरच सांगतो, कारण विषय गंभीर आहे. लग्नाचा आहे. लोक नुसती माती खातात. मी खिळा ठोकून, भिंतीवर टांगून खाल्ली!

मुलगी सोमाटण्याची. मी तिला पसंत, ती मला पसंत. अडलं होतं तिच्या आजोबांपाशी. "पोराचं घर बघितल्याबिगर शबूद देणार न्हाई," आबा म्हणाले.

आता आमचं कार्ल्याचं घर म्हणजे काय? दोन खोल्या, वर पत्रा. बघायचं काय त्यात?

म्हणून लोणावळ्याच्या भंगारवाल्याकडून एक तसबीर आणली. दीडशे वर्षांपूर्वीची, तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली. कुठल्यातरी बंगल्याच्या अडगळीतून निघालेला गोरा साहेब. मागे खांब, कमरेला तलवार, हातात कागदाची गुंडाळी. नजर अशी, की काच पुसताना मी चपला काढल्या.

"कोण रं ह्यो?" आईने विचारलं.

"आपले खापरपणजोबा."

"एवढं गोरं?"

"छापात सगळेच गोरे दिसतात, आई."

आबा आले. तसबिरीसमोर थांबले. टोपी सरळ केली. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

"हातात काय हाय?"

"सनद. डोंगरापासून नदीपर्यंत जमीन आपली."

"आन् ह्यो खांब?"

"घराचा. असे लय होते."

"तलवार?"

"मूठ सोन्याची, आबा."

आबांनी वर पत्र्याकडे पाहिलं. मग बराच वेळ माझ्याकडे.

"मंग गेलं कुटं समदं? दारूत का पत्त्यात? एवढं उधळणाऱ्या घरात पोरगी द्यायची व्हय?"

आणि निघाले की हो!

मी दारात आडवा. "आबा, खोटंय सगळं! भंगारातला साहेब आहे तो! आमच्या सात पिढ्यांत उधळण्यासारखं काही नव्हतंच, आईशप्पथ!"

आईने पदर तोंडावर घेतला. आबा थबकले.

"खरंच काय नव्हतं?"

"भाताची दोन खाचरं. ती अजून आहेत!"

"मंग हरकत न्हाई," म्हणत आबा बसले. चहा घेतला. शब्द दिला. जाताना म्हणाले, "ती तसबीर तेवढी आमाला द्या."

लग्न झालं. आता साहेब सासुरवाडीच्या भिंतीवर आहेत, हार घालून. आल्यागेल्याला आबा सांगतात, "आमचे खापरपणजोबा. हातात सनद." मीही गेल्या गेल्या पाया पडतो.

परवा एका पाहुण्याने विचारलंच, "आबा, मंग येवढी जमीन गेली कुटं?"

आबांनी शांतपणे माझ्याकडे बोट केलं.

"जावई."