सतराव्या नंबरची हाक

आमच्या शाळेत दुपारच्या झोपेला जेवढा मान आहे तेवढा माणसाला नाही. डबे संपले की साडेबारा ते एक, आठशे पोरं बाकावर डोकं टेकून चिडीचूप. आणि समुपदेशक यान बाईंना पोरांशी बोलायला मिळायचा तो हाच अर्धा तास. आपला तास कोण सोडतोय? गणिताचे सर तर तोंडावर म्हणायचे, "बाई, मनाचं नंतर बघा, आधी परीक्षेचं बघू."

मी शाळेची नर्स. पोरं मला मावशी म्हणतात. बाईंची खोली माझ्या खोलीला लागूनच. सहा वर्षांत बाईंचं काम काय, हे कुणाला कळलं असेल तर शपथ! भित्तिपत्रकं चिकटवा, वक्तृत्वाच्या पोरांना स्पर्धेला न्या. रिकामटेकड्याच ना त्या! पोरांत वेगळीच समजूत, तिकडे बोलावलं म्हणजे डोक्यात बिघाड. म्हणून बाई बोलावण्याची चिठ्ठी स्वतः वर्गात नेऊन द्यायच्या आणि वर लिहायच्या, 'ग्रंथालयाचं पुस्तक परत करणे.'

रुओनिंग आठवीच्या तिसऱ्या तुकडीतली, हजेरी नंबर सतरा. रोज पोटदुखी घेऊन माझ्याकडे यायची. एकदा गोळी हातात धरून म्हणाली, "मावशी, सकाळी जागच आली नाही तर किती बरं." मी तिला तशीच बाईंकडे नेलं. बाईंनी तीन आठवडे तिला नुसतं शेजारी बसू दिलं. शेवटी ती म्हणाली, "पुढच्या गुरुवारी सगळं सांगते."

त्या गुरुवारी नेमकं बाईंना स्पर्धेला धाडलं. साडेबारापर्यंत परत येते म्हणाल्या. चिठ्ठी टेबलावर राहिली. विभागप्रमुख हुंग सरांना मदतीचा उमाळा आला. त्यांनी माईक घेतला, "आठवी तिसरी, नंबर सतरा, समुपदेशन खोलीत ताबडतोब या!" सगळी शाळा जागी झाली. वर्गात हशा पिकला. पोरगी संडासात कडी लावून बसली आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत येईना.

"सर, चिठ्ठी होती ना!" बाईंनी ती त्यांच्यापुढे धरली.

"अहो, त्यात पुस्तकाचं काहीतरी होतं. मुलगी चुकून ग्रंथालयात गेली असती!"

कपाळ माझं!

बाई तिच्या घरी गेल्या. रुओनिंगने दाराची जाळी उघडलीच नाही. आतून म्हणाली, "सगळे मला वेडी म्हणतात. मी नाही येणार."

सोमवारी झोपेच्या वेळी बाईंनीच माईक घेतला. "आठवी तिसरी, नंबर एक ते चार, समुपदेशन खोलीत या." चौघांना चहात शिजवलेलं एकेक अंडं दिलं आणि विचारलं, झोप लागते का, घरी बरंय ना?

मी बाईंना म्हटलं, "अगं, वेड लागलंय का तुला?"

"ताई, सगळ्यांनाच बोलावलं तर वेडं कोण उरलं?"

बुधवारपर्यंत पोरं आपणहून विचारायला लागली, आमचा नंबर कधी? रोज चार करत गुरुवारी सोळा झाले.

शुक्रवारी मुख्याध्यापकांकडे कुणा पालकाची तक्रार आली, पोरांची झोपमोड होते. झालं! माईकच्या कपाटाला कुलूप आणि बाईंची रवानगी जिल्ह्याच्या प्रशिक्षणाला. विषय काय, तर 'मुलांपर्यंत कसं पोचावं'. हसावं की रडावं?

पाऊण वाजता माझं दार हललं. गणवेशात रुओनिंग उभी. मैत्रिणीने तिला सगळं सांगितलं होतं.

"मावशी, आज सतरा होता ना? मी फाटकापाशी कधीची कान देऊन उभी आहे. मला वगळलं का?"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाईंना फोन लावला, तो बंद. मग माझं डोकंच फिरलं. खड्ड्यात गेली ती झोप! मी दारात उभी राहिले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "आठवी तिसरी, नंबर सतरा!"

वरच्या मजल्यावर बाकं सरकल्याचे आवाज आले. ती माझ्याजवळच उभी होती.

"हजर," ती म्हणाली.