भागीरथाबाईंचं बोट

भागीरथाबाईंचा मधुमेह एकोणीस वर्षांचा, आणि त्याची धास्तीही तेवढीच जुनी. पिपरी मेघेतल्या त्यांच्या घरात दिवस कसा जाणार, हे सकाळी बोटातला रक्ताचा थेंब ठरवी. परवा गोरसपाकाची गोड बिस्किटं डब्यात भरता भरता त्यांनी तसंच बोट टोचलं. यंत्रावर आकडा आला चारशे तीस. बाई थेट पलंगावर आडव्या झाल्या.

"रीना, माही हिरवी पैठणी माह्या नणदेले देऊ नको."

सुनेनं त्यांचं बोट धुतलं, पुसलं, पुन्हा टोचलं. एकशे अडतीस.

"आई, बोटाले गोरसपाक लागला होता. उठा आता."

"उठत नाई. रोज भेव गिळून कामाले लागते, आज मले रडू दे."

"रडा मंग," म्हणत रीना उशाशी बसली.

परवानगी मिळाल्यावर बाईंना रडूच येईना, आणि त्याचाही त्यांना राग आला.