बंद पडलेल्या कंपनीची गाडी

"बुडाली काय म्हणता? बुडवली म्हणा!" असं म्हणून मावशी बॉनेटवर तळहात आपटायच्या. समोर कोण उभं आहे, याचा मुलाहिजा नसायचा. एकदा तर कॉलनीत मतं मागायला आलेला उमेदवार दचकून दोन पावलं मागे सरकला होता.

मावशी आमच्या इमारतीत तळमजल्यावर एकट्या राहायच्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. एरवी इतकं हळू बोलायच्या की दूधवाला हमखास "काय म्हणालात?" असं विचारायचा. पण दारातल्या त्या होडीएवढ्या हिरव्या अमेरिकन गाडीवरून कोणी म्हणालं, "कंपनी बुडाली ना हिची?" की संपलं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? मीही आधी तेच म्हणायचो. पण त्यांचे वडील मुंबईत त्याच कंपनीच्या गाड्या जोडायचे. सुटे भाग अमेरिकेहून जहाजाने यायचे आणि वडील दारं बसवायचे. मग तिकडे दोन बड्या कंपन्यांनी एकमेकींवर कुरघोडी करायला भाव पाडले आणि त्यात धाकट्या भरडल्या गेल्या. ही कंपनी दुसऱ्या एका धाकट्या कंपनीला जोडली, तरी तगली नाही. इकडे सरकारी नियमही बदलले. मुंबईतलं काम थांबलं आणि वडील बायकामुलांना घेऊन नाशिकला परतले.

"लोक बाबांना काय म्हणायचे, माहितीये?" मावशी सांगायच्या. "तुमच्या गाड्यांतच खोट असणार, नाहीतर कंपनी कशाला बुडेल! अहो, माणूस इथे द्वारका चौकाजवळ दुसऱ्याच्या गॅरेजात राबतोय, आणि वर हे ऐकून घ्यायचं? हे दार बाबांनी बसवलंय. लावून बघा."

मग लावून बघावंच लागायचं. एका बोटाने लागायचं.

देवळालीच्या एका पारशी गृहस्थांची ही गाडी. सुटे भाग मिळेनात तेव्हा त्यांनी ती वडिलांनाच देऊन टाकली. वडिलांनी ती जगवली, नंतर मावशींनी. रविवारी सकाळी त्या स्वतः ती गंगापूर धरणापर्यंत चालवत न्यायच्या.

माझ्या मुलीचं, जुईचं लग्न ठरलं तेव्हा मावशी आपणहून म्हणाल्या, "पाठवणी माझ्या गाडीतून. मी चालवणार."

पाठवणीची वेळ झाली. कार्यालयाबाहेर गाडी फुलांनी सजली होती. मावशी ठेवणीतलं पातळ नेसून आल्या आणि गाडीपुढे थबकल्या. सजावटवाल्याने बॉनेटवरच्या नावावर त्या दोन बड्यांपैकी एका, आजही चालणाऱ्या कंपनीची चकचकीत पट्टी चिकटवली होती.

"हे काय आहे?"

"आजी, फोटोत भारी दिसतं," तो म्हणाला. "ते जुनं नाव कोणाला माहीत आहे?"

"माहीत नाही म्हणून पुसायचं? ज्यांनी हिला मारलं, त्यांचंच नाव हिच्या कपाळावर?"

"मावशी, आता वरात खोळंबलीय," मी हळूच म्हणालो.

"खोळंबू दे. तुझ्या घरावर दुसऱ्याच्या नावाची पाटी लावली तर तू आत जाशील?"

व्याही घड्याळ बघत होते. जुई पुढे झाली, शालूचा पदर खोचला आणि मेंदीच्या हातांनी पट्टी ओढायला लागली. निघेना. जावईबापू फेटा सावरत मदतीला आले. पट्टी निघाली, तिच्याबरोबर थोडा हिरवा रंगही निघाला. मावशींनी त्या जागेवरून बोट फिरवलं. मग दार उघडून जुईला म्हणाल्या, "बस, बाळा." डोळे पुसून त्यांनी गाडी सुरू केली.

गेल्या वर्षी त्या आजारी पडल्या. दवाखान्यात बघायला आलेल्या एकाने सहज सांगितलं, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना बंद पडला. "कामगारांनीच वाटोळं केलं," असंही तो म्हणाला. मावशी उशीवरून उठून बसल्या.

"तुम्ही होतात तिथे?"

"नाही, पण सगळे म्हणतात..."

"सगळे घरी बसून म्हणतात. घर कामगारांचं मोडतं."

त्यानंतर त्या पंधरवड्यात गेल्या.

त्यांचं तेरावं व्हायच्या आतच सोसायटीचे सेक्रेटरी मला जिन्यात म्हणाले, "आता गाडी हलली की तिथे चार स्कूटर मावतील." मी त्यांच्यावर असा ओरडलो की वरच्या मजल्यावरची दारं उघडली. असा मी कधी घरातसुद्धा ओरडलो नव्हतो. काय बोललो, आठवत नाही.

मनमाडचा त्यांचा भाचा गाडी न्यायला आला. ट्रकवर चढवायची नाही, चालवतच न्यायची, असं त्याने ठरवलं होतं. सगळी कॉलनी खाली उतरली. सेक्रेटरीसुद्धा. गाडी फाटकाबाहेर वळली. निरोपाला हात वर गेले, पण गाडीला हात कसा हलवायचा, हे कोणालाच कळेना. ते तसेच वर राहिले.