पहिला सुरुंग फुटला नाही

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात आमची सॅपर कंपनी सोलापूरच्या पुढं, निजामाच्या हद्दीला लागून तंबू ठोकून होती. सॅपर म्हणजे फौजेला वाट करून देणारा माणूस. पूल बांधणं, पूल उडवणं, रस्त्यातले सुरुंग काढणं ही आमची कामं. मी हवालदार होतो. नाव शमुवेल. हद्दीपलीकडं उमरग्याच्या अंगाला माझं गाव. माझ्याच तंबूत नाईक बशीर पिंजारी होता. त्याचं घर भूमला. आम्ही दोघंही मोगलाईतले, म्हणजे निजामाच्या राज्यातले. आता त्याच राज्यात आम्ही हिंदुस्थानच्या फौजेचा गणवेश घालून शिरणार होतो.

हुकूम आला त्या संध्याकाळी कॅप्टनसाहेबांनी बशीरला बोलावून घेतलं. मी तिथंच होतो.

"बशीर, तुला मागं डेपोत राहायचं असेल तर राहा. कोणी काही म्हणणार नाही."

"का, साहेब?"

"तिकडं तुझं घर आहे. तुझी माणसं आहेत."

"शमुवेलची पण आहेत, साहेब."

साहेबांनी मान डोलावली. मग म्हणाले, "ऑल राइट. डिसमिस."

तंबूत आल्यावर बशीरनं बूट काढले आणि पॉलिशला बसला.

बशीरची आणि माझी गाठ भरतीनंतर ट्रेनिंग सेंटरात पडली. पुढं ब्रह्मदेशात आम्ही एका सेक्शनमध्ये होतो. सुरुंग शोधायचं काम दोघांचं असतं. एक पुढं जातो, पालथा पडून संगिनीनं जमीन तिरकी टोचत सरकतो. दुसरा मागं थांबून त्याच्यावर नजर ठेवतो. ब्रह्मदेशात आम्ही दोघं असंच काम करत आलो. बशीरचा बाप कापूस पिंजायचा. बशीर म्हणायचा, "आमच्या घराण्यात सगळ्यांचे हात हलके."

लढाई संपल्यावर सुटीला तो माझ्या घरी आला होता. आम्ही ख्रिस्ती. माझी आई मिशनच्या दवाखान्यात आया होती. शिकलेली नव्हती, पण बायबलातली स्तोत्रं तिला तोंडपाठ होती. लहानपणी मला मुदतीचा ताप आला आणि डॉक्टरनं आशा सोडली. आई खाटेजवळ गुडघे टेकून बसली आणि ताप उतरला. हे तिनं मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांपुढं, इतक्या वेळा सांगितलं होतं, की गावात मला चमत्काराचा शमुवेल म्हणायचे. मला ते आवडायचं नाही. ब्रह्मदेशात माझ्या शेजारची माणसं मेली तेव्हा तर मुळीच नाही. त्यांच्याही आया कुठंतरी गुडघे टेकून बसल्याच असतील.

आईनं बशीरला भाकरी वाढता वाढता विचारलं, "तुजं नाव काय रं बाबा? नीट सांग. शमुवेलसंगं तुज्यासाठी बी मागत जाईन."

"बशीर. मागा की, मावशी. तिथं आमच्यासाठी कुणी बोलणारं असलं तर बरंच आहे."

तेव्हापासून आई रोज सकाळी दोन्ही नावं एका दमात घ्यायची. शमुवेल आणि बशीर.

निजामावरची ही कारवाई, पोलिस ॲक्शन, थोड्याच दिवसांत आटोपली. मोठी फौज हैदराबादच्या रस्त्यानं पुढं गेली. आमच्या सेक्शनला मागं ठेवलं. माघार घेणाऱ्या निजामाच्या माणसांनी आडरस्त्यांवर जागोजाग सुरुंग पुरले होते. ते काढायचे आणि रस्ता वाहतुकीला मोकळा करून द्यायचा, असा हुकूम.

उमरग्याच्या अलीकडं एका ओढ्यावर दगडी मोरी होती. छोटीशीच, एक बैलगाडी जाईल एवढी. पलीकडच्या काठावर गाड्यांची रांग लागली होती. दंगलीच्या भीतीनं शिवाराबाहेर पळालेली माणसं गावात परतत होती. गाड्यांत भांडीकुंडी, पोती, म्हातारी माणसं. आदल्या रात्री पाऊस झाला होता. काळी माती बुटाला धरत होती. एक बाई गाडीत कण्हत होती. तिचे दिवस भरले होते. तिचा नवरा काठावर उभा राहून ओरडत होता.

"ओ साहेब, अजून किती येळ?"

"मागं व्हा!" मी ओरडलो. "गाडीजवळ थांबा. कुणी खाली उतरू नका."

वायरलेसवर साहेबांना विचारणा होत होती. "इज द रोड क्लियर? ओव्हर."

"नॉट येट. ओव्हर."

पुढं मी होतो, मागं बशीर. मोरीच्या तोंडाशी येईपर्यंत काही सापडलं नाही. तिथून पुढची जमीन टोचायला मी उठून अर्धं पाऊल सरकलो आणि पायाखालची माती दबली. लाकूड वाजलं. खाली लोखंडाचा चाप सुटल्याचा आवाज आला. तो आवाज मी ओळखत होतो.

काही झालं नाही.

"हलू नको," बशीर म्हणाला.

"नाही हलत."

तो पोटावर सरकत आला. माझ्या बुटाच्या बाजूनं त्यानं बोटांनी माती काढली. खाली लाकडी पेटी होती. झाकणावर वजन पडलं की चाप ठिणगी पाडणाऱ्या छोट्या कॅपवर आपटणार आणि दारू पेटणार, अशी घरगुती बनावट. बशीरनं बाजूनं पेटीची फळी उचकटली आणि आत बोटं घातली. या सगळ्या वेळात मी प्रार्थना केली का, असं पुढं मला पुष्कळांनी विचारलं. नाही केली. मी समोरच्या गाडीचा बैल बघत होतो. तो शेपटीनं माश्या हाकत होता.

"निघाली," बशीर म्हणाला. त्याच्या तळहातावर कॅप होती. "भिजलीय. पेटीत पाणी शिरलंय बघ. चाप बरोब्बर आपटलाय, पण कॅप ओली."

मी पाय उचलला.

कॅप्टनसाहेब मागून म्हणाले, "शमुवेल, बाहेर. बशीर, आगे." ज्याच्या पायाखाली सुरुंग आला त्याला त्या दिवशी पुन्हा पुढं पाठवत नाहीत. त्याचे हात स्थिर राहत नाहीत. हा कंपनीचा नेम होता आणि तो बरोबर होता.

बशीर माझ्या शेजारून गेला. जाताना म्हणाला, "तुझ्या आईला सांग, तुमची मागण्याची नोकरी चोख चाललीय म्हणावं."

मोरीच्या पलीकडच्या तोंडाशी त्याला दुसरी पेटी सापडली. त्यानं हात वर करून खूण केली. ही पेटी एका फरशीखाली होती. तो बाजूची माती काढू लागला. नक्की काय झालं ते मला सांगता येणार नाही. फरशी सरकली असेल किंवा पेटीखाली आणखी काही असेल. स्फोट झाला. मोरीचा कठडा ओढ्यात कोसळला. काठावरचे बैल दावी तोडून पळाले.

आम्ही त्याच्यापर्यंत गेलो तेव्हा तो गेलेला होता.

साहेबांनी दुसरी जोडी पुढं पाठवली. उरलेली वाट साफ झाली. फुटलेल्या जागी आम्ही फळ्या टाकल्या. बैल धरून आणल्यावर सगळ्यात आधी त्या बाईची गाडी सोडली. तिला पुढं मुलगा झाला की मुलगी, हे मला कळलं नाही.

बशीरला ओढ्याजवळच्या उंचवट्यावर पुरलं. जवळच्या गावातली मुसलमान घरं बंद होती, माणसं निघून गेली होती. कंपनीत एक मुसलमान ड्रायव्हर होता. त्यानं नमाज पढली. आम्ही सगळे मागं रांगेत उभे राहिलो. खड्डा मी आणि इतर सॅपर्सनी खणला.

पुढच्या आठवड्यात मला चार दिवसांची सुटी मिळाली. माझ्या आधी बातमी गावात पोचली होती. आईनं मला दारातच धरलं. तिच्या मागं आमच्या चर्चचे पाळकसाहेब उभे होते.

"सलाम, शमुवेल," पाळकसाहेब म्हणाले. "प्रभूनं दुसऱ्यांदा तुला मरणातून काढलं. रविवारी उपकारस्तुतीची भक्ती ठेवली आहे. साक्ष तूच द्यायची."

"कसली साक्ष?"

"चमत्काराची. आजूबाजूच्या गावांची मंडळी येणार आहेत. या दिवसांत लोकांना धीर पाहिजे."

"कॅप भिजली होती, पाळकसाहेब. पाणी शिरलं होतं पेटीत."

आई म्हणाली, "आन् पाऊस कुणी पाडला?"

"पाऊस दोन्हीकडं पडला, आई. तू रोज दोघांचं नाव घेत होतीस."

तोवर तिला बशीरचं कळलं नव्हतं. गावात आलेली बातमी फक्त माझी होती. मी सगळं सांगितलं. आई खाली बसली. पाळकसाहेब चांगला माणूस होता. त्यांनी काही वचन काढलं नाही. टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि थोड्या वेळानं गेले.

दुसऱ्या दिवशी मी भूमला निघालो. एक मिलिटरी ट्रक मिळाला, पुढं बैलगाडी, पुढं पायी. बशीरच्या घरी तार पोचली असेल असं वाटत नव्हतं. टपालाचा काही भरवसा राहिला नव्हता.

पिंजाऱ्यांच्या गल्लीत सगळी दारं लागलेली होती. एका घराची चौकट जळून काळी झाली होती. मी दार वाजवलं. आत हालचाल थांबली. पुन्हा वाजवलं. तेव्हा लक्षात आलं, की मी गणवेशात आहे आणि फटीतून ते दिसतंय. मी टोपी काढली आणि दोन पावलं मागं झालो.

"अम्मा, मी शमुवेल. बशीरचा दोस्त. उमरग्याकडचा."

दार उघडायला वेळ लागला. बशीरची आई ठेंगणी होती. डोळे तिचेच त्याला आले होते. तिनं आधी माझ्या मागं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. मग ती म्हणाली, "आत ये, बेटा."

मी सांगितलं. थोडक्यात सांगितलं, पण काही वगळलं नाही. पहिल्या सुरुंगाचंही सांगितलं.

तिनं पदर डोक्यावर घेतला. मग विचारलं, "मट्टी दिली का?"

"व्हय, अम्मा."

"नमाज?"

"पढली. आमचा ड्रायव्हर होता. आम्ही सगळे मागं उभे होतो."

"सगळे? हिंदू बी?"

"सगळे."

तिनं मान हलवली. मी म्हणालो, "अम्मा, माझी आई रोज आमची दोघांची नावं घेऊन दुआ मागायची. तरी मी राहिलो आणि तो गेला. लोक याला चमत्कार म्हणतात. तुमच्यापुढं तो शब्द काढायला माझी जीभ रेटत नाही."

"तर नको म्हणू." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुज्या आईला माजा सलाम सांग. त्याचं नाव सोडू नको म्हणाव. त्याला अजून लागतंय."

तिनं मला चहा दिला. तिचा दीर गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत आला. वाटेत तो एवढंच म्हणाला, की मी गणवेशात त्यांच्या घरी आलो हे चार लोकांनी पाहिलं, ते बरं झालं; आता गल्लीला हात लावताना कुणी विचार करील. परत कंपनीत गेल्यावर मी कॅप्टनसाहेबांना त्या गल्लीबद्दल सांगितलं. साहेबांनी तिथं काही दिवस पहारा बसवला.

पण त्याआधी रविवार होता. चर्च भरलं होतं. बाहेर लिंबाखालीही माणसं बसली होती. पाळकसाहेबांनी मला पुढं बोलावलं. मी रिपोर्ट द्यावा तसं बोललो. पहिला सुरुंग, भिजलेली कॅप, दुसरा सुरुंग. मग म्हणालो, "माझ्या आईनं दोन माणसांसाठी मागितलं. एक तुमच्यापुढं उभा आहे. दुसऱ्याला आम्ही पुरलं. तो नमाज पढायचा. माझ्या बुटाखालची पेटी त्यानं उघडली. माझा जीव देवानं वाचवला असं कुणी म्हणालं तर मी नाही म्हणणार नाही. पण बशीरला का नाही वाचवलं, हे मला कुणी सांगू शकत नाही. तेव्हा मला चमत्कार झाला असं म्हणू नका. एवढंच."

कुणी 'आमेन' म्हटलं नाही. पुढच्या बाकावरचा मंडळीचा एक म्हातारा कारभारी चिडून उठला. "मंग तुजा इश्वास हाय का न्हाय?"

"माहीत नाही, बाबा. मी इथं आलोय, एवढं खरं."

तेव्हा आई बायकांच्या बाजूनं उभी राहिली. म्हणाली, "शमुवेलला ताप आल्ता तवा रूथला बी आल्ता. तिच्यासाठी बी म्या गुडघं टेकलं व्हतं. ते म्या तुमाला कंदी सांगितलं न्हाय."

रूथ माझी धाकटी बहीण. त्याच उन्हाळ्यात, त्याच तापानं ती गेली. तिच्याबद्दल आई घरातसुद्धा बोलत नसे. आता ती भर मंडळीत उभी राहून बोलली आणि खाली बसली. शेजारच्या बाईनं तिचा हात धरला.

पाळकसाहेबांनी ठरवलेला उपदेश केला नाही. ते म्हणाले, "आपण प्रार्थना करू," आणि रूथचं आणि बशीरचं नाव घेतलं. आमच्या मंडळीत एका मुसलमानासाठी पहिल्यांदा प्रार्थना झाली. काहींना ते रुचलं नाही. दोन कुटुंबं काही महिने आली नाहीत. मग आली.

मी पुढं अनेक वर्षं नोकरी केली आणि पेन्शनवर घरी आलो. चर्चला जातो. रोग्यांसाठी प्रार्थना सांगितली तर करतो. चमत्कार होतात का, असं नातवंडं विचारतात. मी म्हणतो, मला ठाऊक नाही. मागायचं मात्र थांबवलेलं नाही.

भूमची अम्मा नंतर आठ-नऊ वर्षं जगली. ईदला मी जमेल तेव्हा जायचो. एकदा तिला ओढ्यावर घेऊन गेलो. ती कबरीजवळ बसली, तिच्या भाषेत त्याच्याशी बोलली. मी लांब उभा राहिलो.

मोरी आता नाही. तिथं नवा पूल झाला आहे आणि त्यावरून ट्रक जातात. उंचवट्याभोवती शेत आहे. शेतकरी नांगर कबरीला वळसा घालून नेतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही.

नाईक बशीर पिंजारी, सॅपर, राहणार भूम. रंगानं सावळा, उंचीनं माझ्यापेक्षा थोडा कमी. गाणं वाईट म्हणायचा आणि तरी म्हणायचा. ब्रह्मदेशात सर्वांत जास्त सुरुंग त्यानं काढले. तो गेला तेव्हा त्याचं लग्न ठरत होतं.