झेंड्याकडे पोहणारी माणसं

समोर पाण्यात तुमच्याच गावची माणसं हात वर करून हाका मारतायत, जहाजाचं चाक तुमच्या हातात आहे, आणि थांबायचं नाही असा हुकूम आहे. काय कराल?

लगेच उत्तर देऊ नका. लगेच उत्तर देणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यातले बहुतेक युद्धाची पाच वर्षं घरच्या शेगडीपाशी बसून होते आणि आता आम्हाला धैर्यावर भाषणं देतात. मी ज्याच्याबद्दल लिहितोय तो ऑडमुंड वेस्त्रे असली भाषणं ऐकायला कधी गेला नाही. नॉर्वेतल्या कार्मोय बेटावरच्या कोपरविकचा माणूस. बाप मासेमार, आजा मासेमार. हा चौदाव्या वर्षी मालवाहू जहाजावर चढला तो चढलाच. बोलणं इतकं कमी की आमचा स्वयंपाकी म्हणायचा, "ऑडमुंडला मीठ हवं असेल तर तो दोन दिवस आधी विचार करतो, आणि मग अळणीच खातो." पण सुकाणूवर त्याच्या तोडीचा माणूस आमच्या 'स्कारवेन'वर दुसरा नव्हता. मी त्याच जहाजावर खलाशी होतो, म्हणून सांगतोय. ऐकीव नाही.

जर्मनांनी देश घेतला तेव्हा आम्ही भर समुद्रात होतो. परत गेलो नाही. घरं शत्रूच्या ताब्यात आणि आम्ही शत्रूच्याच विरुद्ध माल वाहतोय, असं पाच वर्षं चाललं. घरून पत्र नाही, घरी पत्र नाही.

त्रेचाळीसच्या मार्चमध्ये ताफा जमायची वाट बघत आम्ही कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात नांगर टाकून होतो. शेजारीच 'लिंगहोल्म' होतं, तेही नॉर्वेचंच, आणि त्यावर अर्धे लोक आमच्याच बेटावरचे. त्याचा सुतार लाइडुल्फ म्हणजे ऑडमुंडच्या बहिणीचा, बर्गितचा नवरा. दुपारी आम्ही सगळे एका गुत्त्यात बसलो. लाइडुल्फची दोन जहाजं आधीच बुडालेली. पेला उचलायला त्याला दोन्ही हात लागत होते.

तो म्हणाला, "मी इथेच उतरतोय. लाकडाच्या कारखान्यात काम मिळतंय. तिसऱ्यांदा पाण्यात पडायचं नाही मला."

ऑडमुंडचे चार पेले झाले होते. "मग बर्गितला काय सांगू? नवरा कॅनडात रंधा मारतोय म्हणून?"

"जिवंत आहे म्हणून सांग."

"घाबरट आहे म्हणून सांगतो. तिला आधीपासून शंका होतीच."

सगळे हसले. हसणाऱ्यांत मी होतो. पुढच्या क्षणी लाइडुल्फची मूठ ऑडमुंडच्या नाकावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज मला टेबलापलीकडे ऐकू आला. ऑडमुंडने त्याला टेबलावरून खेचला, डोकं फरशीवर आपटलं, कुणीतरी खुर्ची फोडली, मालकाने दांडका काढला आणि आम्ही रस्त्यावर. ऑडमुंडने बर्फात रक्त थुंकलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "जा, रंधा मार. कोपरविकला पुन्हा तोंड दाखवू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर लाइडुल्फ 'लिंगहोल्म'च्या डेकवर होता. डेकभर ओंडके रचलेले, वरून साखळ्या ताणलेल्या, आणि हा त्या साखळ्यांखालच्या पाचरी ठोकत होता. आमच्याकडे त्याने मान वर करून बघितलं नाही.

ताफा निघाल्यावर सहाव्या दिवशी, सकाळचे अकरा वाजले असतील. ताफ्यात जहाजं रांगांनी चालतात. आमच्या रांगेत 'लिंगहोल्म' पुढे आणि त्याच्या मागे आम्ही. चाकावर ऑडमुंड, ब्रिजच्या, म्हणजे कप्तान उभा असतो त्या वरच्या मजल्याच्या, डाव्या टोकाला, बाहेर, टेहळणीवर मी. दोन टॉर्पेडो लागोपाठ लागले. 'लिंगहोल्म' मधोमध मोडलं. साखळ्या तुटल्या आणि ओंडके काड्यापेटी उधळावी तसे उधळले. एक लाइफबोट अर्धी खाली आली होती, माणसांनी भरलेली. तिच्यावर ओंडका आडवा पडला, आणि नंतर तिथे बोट नव्हती, माणसंही नव्हती. जहाज तीन मिनिटांत गेलं. पण जे ओंडके त्याच्याबरोबर खाली गेले होते ते आता सुटून वर येऊ लागले, उभे, भाल्यासारखे. पोहणाऱ्या एकाच्या हनुवटीखाली तसा एक लागला. त्याचं डोकं मागे पडलं ते पाठीलाच टेकलं. जहाजातून जे वाचले त्यांना लाकडांनी मारलं.

ताफ्याचा नियम सगळ्यांना पाठ होता. कुणी थांबायचं नाही, कुणी वळायचं नाही. थांबलेलं जहाज म्हणजे पाणबुडीला वाढलेलं ताट. सगळ्यांत मागे एक जहाज फक्त माणसं उचलायला असायचं. म्हणून पाण्यात पडलेल्याने एकच करायचं, मागून येणाऱ्या जहाजांच्या वाटेतून आडवं बाजूला पोहायचं आणि तग धरायचा. दोनच दिवसांपूर्वी बुडालेल्या इंग्रज जहाजाची माणसं तशीच बाजूला झाली होती आणि बरीच वाचली होती. 'लिंगहोल्म'च्या लोकांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्यांनी मान वर केली आणि आमच्या जहाजावर आपला झेंडा पाहिला. लाल, त्यावर निळा क्रूस. आणि ते आमच्याकडे पोहायला लागले.

मी ओरडलो, "समोर माणसं पाण्यात. वीसेक. अगदी समोर."

"दिसतायत," कप्तान हेल्लेसन म्हणाला. मग ऑडमुंडला म्हणाला, "सरळ."

चाकावरच्या माणसाने हुकूम मोठ्याने परत म्हणायचा असतो, ऐकण्यात चूक नको म्हणून. ऑडमुंड म्हणाला, "सरळ."

कप्तान कर्णा घेऊन बाहेर आला आणि ओरडला, "बाजूला व्हा. बाजूला." पाण्यातल्यांना वाटलं आम्ही त्यांना धीर देतोय. त्यांनी हात हलवले. एक जण आमच्या बोलीत, आनंदाने ओरडला, "अरे, हे कोपरविकचेच आहेत." लाइडुल्फ एका ओंडक्यावर पाय टाकून बसला होता आणि फळीच्या तुकड्याने वल्हवत होता, आमच्याच दिशेने. चाकाच्या खोलीची काच खाली सरकवलेली होती. त्याला आत उभा असलेला मेहुणा दिसला.

"ऑडमुंड," त्याने हाक मारली, "दोर टाक."

"सरळ," कप्तान म्हणाला.

"सरळ," ऑडमुंड म्हणाला.

जहाजाच्या पुढच्या टोकाने उठवलेल्या लाटेने काही जणांना दूर फेकलं. बाकीचे जहाजाच्या अंगाला चिकटले आणि अंगालगतचं पाणी त्यांना मागे, जहाज ढकलणाऱ्या पंख्याकडे, ओढत नेऊ लागलं. लाइडुल्फचा ओंडका माझ्या बरोबर खालून गेला. तो तळहाताने जहाजाचा पत्रा थोपटत होता, बंद दार थोपटावं तसा. माझ्यापाशी दोर होता. टाकला असता तर त्या वेगात त्याचे खांदे निखळले असते, एवढंच. तरी मी टाकला नाही ही गोष्ट खरी आहे. मग आमचा पंखा. मागे पाहू नये, मी पाहिलं. लाकडाच्या चिरफळ्या, लाइफजॅकेटं, आणि पाणी सगळं एका रंगाचं.

कप्तान बरोबर होता. हे लिहिताना मला दात आवळावे लागतात, पण तो बरोबर होता. आमच्या जहाजाच्या पोटात विमानाचं पेट्रोल होतं, दोन्ही बाजूंना जहाजं होती. वळलो असतो तर आदळलो असतो आणि दीडशे माणसं जळाली असती. मागच्या जहाजाने नऊ जण उचलले. 'लिंगहोल्म'च्या सांडलेल्या तेलाने डोळे गेले म्हणून ज्यांना झेंडा दिसलाच नव्हता, तेच बहुतेक.

त्या दिवसानंतर ऑडमुंडने हुकूम परत म्हणणं सोडलं. आणखी दोन वर्षं त्याने चाक धरलं. कप्तानाने त्याला त्याबद्दल एकदाही टोकलं नाही.

पंचेचाळीसच्या शरदात आम्ही घरी आलो. बर्गितला कागद मिळाला होता, लाइडुल्फ बेपत्ता. तिने तो मानला नाही. वाचलेल्या नऊंपैकी एका, इंजिनाच्या भट्टीवरच्या माणसाने तिला सांगितलं होतं, की डोळ्यांत तेल जाण्याआधी त्याने लाइडुल्फला ओंडक्यावर बसलेला पाहिला, धडधाकट. मग झालं. जर्मन पाणबुडीने उचलला असेल, कैदेत असेल, स्मरण गेलं असेल. तसे एकदोन परतले होतेही. बर्गनची बोट आली की ती धक्क्यावर. ऑडमुंड तिच्याच माळ्यावर राहायचा, तिच्याच हातचं उकडलेलं मटण आणि कोबी खायचा, आणि गप्प.

सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत तिने हॅम्बुर्गला जायचा परवाना मिळवला. तिथल्या इस्पितळांत नाव हरवलेले लोक पडून आहेत, तिथे शोधणार. बोट गुरुवारी. त्या हिवाळ्यात समुद्रात सुटलेल्या सुरुंगांवर आपटून आमच्याकडच्या दोन होड्या माणसांसकट गेल्या होत्या.

मंगळवारी भर दुपारी मी ऑडमुंडला धक्क्यावर गाठलं. "तू सांग, नाहीतर मी सांगतो."

"तिला वाटेल मी मुद्दाम केलं. त्या भांडणामुळे."

"वाटू दे. ती मरायला निघाली आहे, आणि तू तिचा कोबी खातोयस."

त्याने मारलं. माझे दोन दात गेले. मीही सोडला नाही, त्याच्या बरगडीत लाकडी तळाच्या बुटाने लाथ घातली. कोळ्यांनी आम्हाला ओढून वेगळं केलं. जाताना तो एवढंच म्हणाला, "उद्या."

बुधवारी आम्ही हेरिंग मासे खारवायच्या शेडमध्ये गेलो. बावीस बाया रांगेने उभ्या, त्यांत बर्गितही, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, हातात आखूड सुऱ्या. गळा चिरायचा, आतडी काढायची, पिंपात फेकायचा. म्हातारी तोमी आमची तोंडं पाहून म्हणाली, "या. तुमच्यापेक्षा आमचे मासे जिवंत दिसतायत."

"कशावरून भांडलात?" बर्गितने विचारलं. हात थांबला नव्हता.

"बर्गित, हॅम्बुर्गला जाऊ नकोस."

"का रे? सुरुंगांची भीती वाटते?"

"तो तिथे नाही."

आणि मग त्याने सांगितलं. तिच्यासमोरच्या मिठाच्या फळीवर उजवा हात टेकून, तिच्याकडे न बघता. आयुष्यात तो एवढं कधी बोलला नसेल. बाकीच्या बायांच्या सुऱ्या एकेक करून थांबल्या, तिची चालू होती.

"त्याने ओळखलं तुला?"

"हो."

"काय म्हणाला?"

"दोर टाक म्हणाला."

मला राहवलं नाही. "बर्गित, वळलो असतो तर दोन्ही जहाजं..."

"तुला विचारलं नाही, आस्लाक." तिने आणखी एक मासा चिरला. मग म्हणाली, "हुकूम होता. दुसरं काय करणार होतास."

इथे तो थांबू शकला असता. मी त्याची बाही ओढली. त्याने हात झटकला.

"तो हॅलिफॅक्सला उतरणार होता," ऑडमुंड म्हणाला. "कारखान्यात काम मिळालं होतं. मी त्याला सगळ्यांदेखत घाबरट म्हणालो. तुलाही तसंच वाटतं असं म्हणालो. म्हणून तो चढला."

सुरी त्याच्या हाताच्या पंजातून आरपार खाली फळीत गेली. त्याने हात मागे घेतला नाही. तिने ती उपसली आणि त्याच्या गळ्यावर धावली. तोमी मध्ये पडली, तिची बाही फाटली, दंड फाटला. पिंप कलंडलं, खारं पाणी सगळीकडे. तो घसरून पडला तशी ती त्याच्या तोंडावर लाथा घालत राहिली, एक दोन तीन, माशांच्या चिकाने मळलेल्या बुटांनी. तिघींनी तिला धरली तर एकीच्या मनगटाला कडकडून चावली. ती रडत नव्हती. एकच वाक्य म्हणत होती, "मला असं कधीच वाटलं नव्हतं. मला असं कधीच वाटलं नव्हतं."

"सोडा तिला," ऑडमुंड खालून म्हणाला. जखमेत मीठ गेलं होतं, ओठ फाटला होता. कुणी सोडली नाही.

पोलीस आला. बावीसपैकी एकवीस जणी म्हणाल्या, पाय घसरून सुरीवर पडला. बर्गित म्हणाली, "मी भोसकला."

पोलीस डोकं खाजवत म्हणाला, "एकवीस जणींनी पाहिलंय बाई. तुझ्या एकटीचं कसं धरू?" आणि अपघात लिहून गेला.

गुरुवारची बोट तिच्याशिवाय गेली. एप्रिलमध्ये तिने लाइडुल्फच्या मृत्यूच्या कागदावर सही केली आणि चर्चमध्ये त्याचं नाव वाचलं गेलं. ऑडमुंड शेवटच्या बाकावर होता. तिने त्याला हाकललं नाही, त्याच्याशी बोललीही नाही, पुढे कधीच बोलली नाही. त्याची दोन बोटं मेली ती मेलीच. जहाजावर घेईना कुणी. होड्यांच्या शेडमध्ये राहायचा, एका हाताने जाळी विणायचा. पश्चात्ताप होतो का, असं मी एकदा विचारलं. कशाचा ते मी बोललो नाही, पण त्याला कळलं असावं.

"ती हॅम्बुर्गला गेली नाही," तो म्हणाला, आणि जाळ्याची गाठ दाताने ओढली.

आमच्या जहाजांवरची पुष्कळ माणसं कागदोपत्री अजून बेपत्ता आहेत आणि त्यांच्या घरी कुणीतरी अजून खिडकीशी उभं आहे. तुम्ही त्या ब्रिजवर असाल, इंजिनपाशी असाल, तोफेवर असाल. किंवा तुमच्या बापाने शेवटच्या आजारात भिंतीकडे तोंड करून काही सांगितलं असेल. तर त्या घरी जा. पत्र टाकू नका, पाद्र्याला पाठवू नका. स्वतः जा, वाट बघणाऱ्या बाईच्या हाताच्या अंतरावर उभे राहा आणि सगळं सांगा. तिने न विचारलेलंही सांगा.