टोपल्यासाठी निवडलेले कागद

आई पौषात गेली. चैत्र सरता सरता मी पहिल्यांदा माहेरी राहायला गेले. हिंगोलीहून एसटीने वारंगा फाटा आणि तिथून ऑटोने आत, हा प्रवास मी तीस वर्षं करते आहे. या वेळी मात्र फाट्यावर उतरल्यावर ऑटोवाल्याने "कोणाकडं?" असं विचारलं, तेव्हा आईचं नाव तोंडातून निघेना. भावाचं सांगितलं.

आई असेतोवर माहेर, असं आमच्याकडे बायका म्हणतात. मी वाचनालयात नोकरी करते. अशी वाक्यं पुष्कळ वाचली आहेत आणि मिटून ठेवली आहेत. हे वाक्य पहिल्याच दुपारी खरं होऊ लागलं. वहिनीने मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे फिरवला, बशीत चिवडा आणला. मी भांड्यांकडे वळले तर म्हणाली, "बसा ना ताई. तुमी काहून तकलीफ घेता?" बोलण्यात काही कमी नव्हतं. पण आई होती तेव्हा पिशवी खाली ठेवायच्या आतच "ये, शेंगा फोडू लाग" अशी हाक यायची. काम पाहुणीला सांगत नाहीत. मी बसून चिवडा खाल्ला आणि हिशेब केला, की अशा खुर्चीवर माणूस वर्षातून किती दिवस बसू शकेल. फार नाही.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरचं रद्दीचं पोतं दिसलं आणि मला कागदाचं टोपलं आठवलं.

लहानपणी दर उन्हाळ्यात आई कागदाच्या लगद्याची टोपली करायची. जुने कागद भिजवायचे, कुटायचे, त्यात वाटलेल्या मेथ्या आणि हळकुंडांचा भुगा घालायचा, म्हणजे कीड लागत नाही. मग तो लगदा पालथ्या भांड्यावर थापायचा. माझं काम त्याच्या आधीचं. आई शाळेत गेली नव्हती, आणि देवाचं नाव असलेला कागद कुटायचा नाही हा तिचा नियम होता. त्यामुळे पाण्यात जाणारा प्रत्येक कागद मी वाचून बघायचा. लग्नपत्रिकेवरची गणपतीची पट्टी कापून एका डब्यात ठेवायची, आणि डबा भरला की त्या पट्ट्या कयाधू नदीला सोडायच्या.

देव कोणत्या ओळीत लपला असेल ते काय सांगावं? म्हणून मी सगळंच वाचायचे. बियाण्याच्या जाहिराती, औषधाच्या पुड्यांवरची माहिती, गुळाच्या कागदावरची अर्धी बातमी. मोठ्याने, अडखळत. आई लगदा मळत असायची. बातमी मध्येच फाटलेली निघाली की ती विचारायची, "मंग पुढं काय झालं त्याचं?" मी सांगून टाकायचे काहीतरी. वाचायची गोडी मला शाळेने लावली असं मी इतकी वर्षं लोकांना सांगत आले. त्या दुपारी माळ्याखाली उभी असताना कळलं, की ते काही बराबर नव्हतं.

वहिनीला विचारलं, "टोपलं करू का एक?"

"करा की. तेवढाच वेळ जाईल तुमचा," ती म्हणाली. पाहुण्यांच्या लेकरांना म्हणतात तसं.

मी एकटीनेच केलं. कागद एक रात्र भिजवले, सकाळी मिक्सरमधून काढले, परसात स्टीलचं पातेलं पालथं घातलं आणि त्यावर लगदा थापून भर उन्हात ठेवलं. हात सगळं विसरले होते, हे हातांना माहीत नव्हतं. दुपारी वहिनी शेतातून आली, डोक्यावरचा भारा टाकला आणि पातेल्याकडे बघतच राहिली.

"काय करून राहिल्या ताई तुमी हे? खाली फडकं न्हाई लावलं?"

"फडकं?"

"मंग ते निघंल कसं? आता पातेलंच घेऊन जा हिंगोलीला, टोपलं म्हणून." तिने वाकून वास घेतला. "मेथ्या?"

मी पदराला हात पुसले.

"हळद?"

"राहिली."

"हजार बुकं वाचली बाईनं, अन् मेथ्या राहिल्या! उन्हात ठेवतंय का कोणी वलं टोपलं? तडे पडतेत. उठा, उठा तिथून."

पौषानंतर या घरात कोणी मला पहिल्यांदा रागावत होतं. मला हसू आलं.

"काहून हसता?"

"तुला कोणी शिकवलं हे सगळं?"

"कोण शिकवणार? मामीनंच." वहिनी आईला मामी म्हणायची. "तुमी लग्न करून गेल्या, मंग दर उन्हाळ्यात मीच व्हते की संगं."

तिने उलथन्याने लगदा खरवडून परत बादलीत टाकला आणि त्यातले न विरघळलेले चकचकीत तुकडे वेचायला बसली. आजकालच्या पत्रिकांचा कागद भिजत नाही. तो ओळखायचा कसा, तेही तिने दाखवलं. कोपरा फाडायचा, आणि फाटलेल्या कडेला लव दिसली तरच घ्यायचा. मग तिने पोतं माझ्यापुढे ओढलं.

"घ्या. वाचा."

"मी?"

"मंग? माझ्या डोक्याला लई ताप दिला तुमच्या वाचण्यानं. मी कागद बघायची अन् 'न्हाई मामी, देव न्हाई' म्हणून टाकायची पाण्यात. तर म्हणायची, 'पोरगी सगळं वाचून दाखवायची, तू नुसतीच न्हाई-न्हाई करती.' दर साली तेच. लई राग यायचा मला तुमचा."

लहानपणी मी वाचतच राहिले की आई म्हणायची, "बास आता, भिजव." कंटाळून म्हणते, असं मला वाटायचं. आणि इकडे मला या वहिनीचा हेवा, कारण आईच्या सगळ्या संध्याकाळी हिच्या वाट्याला आल्या. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "संध्याकाळी तर नुसती पाय दाबून घ्यायची, त्यात काय हेवा?" आणि तोंड पदराने पुसलं.

पोत्याच्या तळाशी रबर लावलेला एक गठ्ठा निघाला. आईच्या तेरवीच्या उरलेल्या पत्रिका. असा कागद घरात ठेवत नाहीत. मरणाची चिठ्ठी वाचली की लगेच फाडायची. भावाच्याने ते झालं नसावं, म्हणून त्याने गठ्ठा पोत्यात खुपसला असेल. मी रबर काढलं. मग वहिनीने एका पत्रिकेचा कोपरा फाडला आणि कड उजेडात धरली.

"लव हाय," ती म्हणाली. "चांगला कागद हाय." आत जाऊन तिने कात्री आणि पट्ट्यांचा डबा आणला. "नावाची पट्टी कापा."

"यात देवाचं नाव नाही गं."

"मामीचं हाय ना."

मी कापत गेले, ती बाकीचा कागद फाडून भिजवत गेली. बोलावणाऱ्यांत भावाचं नाव होतं, भाच्यांची होती. लग्न होऊन गेलेल्या लेकीचं नाव आमच्याकडे घालत नाहीत. तेरवीला ते माझ्या ध्यानात आलं होतं आणि लागलं होतं. आज ती शाई पाण्यात फुटताना पाहिली आणि कात्री चालवत राहिले. आईने मला एका कामाला लावलं होतं, आणि मी गेल्यावर ते काम मोडू दिलं नव्हतं. दुसऱ्या एका बाईच्या हाती सोपवताना ते माझंच आहे असं दर वर्षी बजावलं होतं. यापेक्षा मोठ्या अक्षरात नाव कोण छापतं?

बादली भरली. वहिनीने हात आत घालून ढवळलं. "आता दोन रोज भिजू द्यावं लागतंय."

"मला उद्या निघायचंय."

"कशा निघता? थापणार कोण? मला तर हळद निवडायची हाय परवापासून. सुटी काढा, फोन लावा तिकडं."

"बरं."

"बरं काय? बसूनच ऱ्हायल्या. उठा, मेथ्या वाटीत काढून ठेवा. डबा हाय तिथंच हाय."

मी उठले. आत गेले, डबा खाली घेतला. बाहेरून तिचा आवाज आला, "दोन मुठी बास. अन् जुन्या घ्या, नव्याला हात लावू नका!"

"टोपल्याला काय जुनं नि नवं कळतंय?"

"मला कळतंय!" ती म्हणाली.