बाकीचं तुमच्याकडेच ठेवा

सगळं कुराण ज्याला पाठ, त्या माणसाला दोन निरोप सांगितले तर एकच पोचायचा. आमचा हाफिज असा होता. शारजाजवळच्या हमरियाच्या यार्डात नवीन आलेला कुणीही पहिल्या आठवड्यात हसायचा. मीसुद्धा हसलो. न हसायला मी काय फरिश्ता आहे?

आमचं काम क्रेनला माल बांधायचं. फोरमन लांबूनच ओरडायचा, "हाफिज, चार शॅकल, लाल बेल्ट और रस्सी ला! यल्ला!" दुसरा असता तर धावला असता. हाफिज उलटा फोरमनजवळ चालत यायचा आणि शांतपणे म्हणायचा, "सर, पहिला बोलो. बाकी आप अपने पास रखो."

फोरमनचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. पण शॅकलचे लोखंडी आकडे यायचे, बरोबर चारच यायचे. मग बेल्टसाठी दुसरी फेरी, रस्सीसाठी तिसरी. "माझ्या डोक्याचं काम पाय करतात, चाचा," मला म्हणायचा. तो रत्नागिरीकडचाच, आमच्या गावासमोर खाडी ओलांडली की त्याचं गाव. म्हणून मी त्याचा चाचा.

माझं डोकं तेव्हा वेगळं होतं. शाळा चौथीपर्यंत, पण मालाचं वजन, वारा, हुक कुठे, खाली कोण उभा आहे, सगळं एकदम समोर दिसायचं. वर कुणी शिवी दिली तर तिचं उत्तरही तयार असायचं. हाफिजचं तसं नव्हतं. मला वाटतं, माणसाचं कोठार वेगळं आणि ताट वेगळं. हाफिजचं कोठार गच्च भरलेलं होतं, पण ताट म्हणाल तर बशीएवढं. दुसरा पदार्थ वाढला की पहिला खाली.

मग कुराण कसं पाठ केलंस, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "एक आयत घ्यायची. ती बसेपर्यंत दुसरीकडे बघायचं नाही. माझ्याबरोबरची पोरं दिवसाला पान पान घ्यायची, चाचा. मी हळू गेलो, पण बसलेलं निघालं नाही." रमजानमध्ये कॅम्पात तोच तरावीहची रात्रीची नमाज पढवायचा. दिवसा त्याला 'एक नंबर' म्हणून चिडवणारे रात्री त्याच्या मागे हात बांधून उभे राहायचे. तिथे त्याची जीभ कधी अडली नाही.

माझी बायको गेली तो फोन यार्डात आला, दुपारच्या जेवणाआधी. लेक म्हणाली, "अब्बा, फजरपर्यंत थांबवतो. त्यापुढे नाही थांबवता येणार." म्हणजे सकाळपर्यंत पोचलो तरच मला तिला माती देता येणार होती.

आणि माझं ताट उलटं झालं. पासपोर्ट, तिकीट, कपडे, तिला गुस्लची शेवटची आंघोळ कोण घालेल, कफन कोण आणेल, एकही गोष्ट डोक्यात थांबेना. एक हातमोजा घातलेला, एक काढलेला, असा उभा राहिलो. चांगली शहाणी माणसं भोवती जमली आणि सगळी एकदम बोलायला लागली.

हाफिजने गर्दीतून माझा हात धरला. "चाचा, हेल्मेट काढा." काढलं. "आता चला." चाललो. तिकडे फोरमन ऑफिसात तिकिटाच्या मागे लागला होता. हाफिज त्याला सारखा फोन करत होता. "सर, कॅम्प में पहुँच गये. अब आगे?" फोरमनने सवयीने तीन-चार गोष्टी एका दमात सांगितल्या असाव्यात, कारण हाफिज म्हणाला, "सर, पहिला बोलो. बाकी आप अपने पास रखो." त्या दिवशी फोरमन ओरडला नाही. मग पेटीची किल्ली, मग पासपोर्ट, मग सदरा.

टॅक्सीत मी बरळायला लागलो, मुंबईला कोण येणार, रात्रीचा घाट, उशीर झाला तर? हाफिज म्हणाला, "चाचा, आता फक्त बसायचंय. बसा."

शारजा एअरपोर्टच्या दारापुढे त्याला येता येईना. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "समोरच्या माणसाला पासपोर्ट द्या. एवढंच. पुढचं तो सांगेल."

जनाजा उचलायच्या आधी मी पोचलो. तीन मुठी माती दिली.

गावच्या घरात तिच्याशिवाय बसवेना, म्हणून परत आलो. स्टोअरचं बसून काम मिळालं. बरं झालं, कारण क्रेनखाली उभं राहण्यासारखं डोकं आता नाही. चहा ठेवला की दूध आणायचं विसरतो, दूध आणलं की चहा उतू गेलेला असतो.

मग हाफिज व्हिसा कॅन्सल होऊन गावी गेला. गुडघे संपले. डोक्याचं ओझं इतकी वर्षं पायांवर टाकलं, त्यांनी तरी किती उचलावं? निघताना मी सुरू झालो, पोचलास की फोन कर, तेल लाव, जिने चढू नकोस. त्याने तळहात वर केला. "चाचा, एकच सांगा."

मग म्हणालो, "जुम्म्याला तिच्या कबरीवर फातिहा पढ."

त्याचे ओठ हलत राहिले. गाडीत पोरं त्याला हाका मारत होती, "एक नंबर, सलाम तरी कर!" पण त्याने कुणाकडे बघितलं नाही. बोललो तर सांडेल, ही भीती.

आता दर जुम्म्याला फोन येतो. मागे खाडीचा वारा असतो. तसल्या गुडघ्यांनी होडीत चढून, उतरून, टेकडीवरच्या कब्रस्तानात तो जाऊन आलेला असतो. धाप लागलेली ऐकू येते.

"पढलो, चाचा. आता पुढचं सांगा."

पुढचं माझ्याकडे काही नाही. मी म्हणतो, "पुढच्या जुम्म्याला हेच."

"बरं," म्हणतो, आणि ते डोक्यात बसेपर्यंत पुटपुटत राहतो. तोवर मी फोन ठेवत नाही.